उत्पलाचं कोपर

गावातलं कोणतंच पोर तुळसाबाईच्या पायांवर पालथं पडल्याशिवाय मोठं झालं नव्हतं. पाय लांब करून ती पाटावर बसायची, नडग्यांवर उघडं लेकरू घ्यायची आणि तिळाच्या तेलानं असं चोळायची की पोर आधी गाव डोक्यावर घ्यायचं आणि मग दुपार उलटेपर्यंत झोपून राहायचं. बौद्धपुऱ्यातलं घर असो की पाटलांच्या आळीतलं, बाळंतिणीचा निरोप आला की तुळसाबाई निघाली. पाटलांच्या आळीत तिच्या चहाचा कप वेगळा असायचा, पण वंशाचा दिवा मात्र तिच्याच उघड्या पायांवर. याचा राग येण्यापेक्षा तिला गंमतच जास्त वाटायची.

तिचा हातखंडा होता शेवटच्या ताणात. अंग चोळून झालं की ती बाळाचा उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला आडवातिडवा ओढून भिडवायची. "ताण भेटला की पोट्टं लोखंडावानी होते," असं ती सांगायची, आणि पुरावा म्हणून गावातली दांडगी पोरं बोट दाखवून मोजायची.

त्यामुळे घरात पहिली नात आली तेव्हा तुळसाबाईनं पाट आधीच घासून ठेवला होता. तालुक्याच्या दवाखान्यात सून दीपा फार अडली होती. लेकरू वजनदार, डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकून बसला. शेवटी कशीबशी सुटका झाली. नाव उत्पला ठेवलं. पोर गोरीगोमटी, गालांचा चिमटा घ्यावा अशी.

घरी आल्यावर पहिल्या आंघोळीला तुळसाबाईनं तिला पायांवर घेतलं. डावा हात ताणला तर पोरीनं तो झटक्यात परत घेतला. उजवा उचलला तर आला तसा आला आणि सोडला तसा पडला, तळवा मागं वळलेला. तुळसाबाईला खटकलं. ज्याचा हात ओढायचा त्यानं तो परत खेचायला पाहिजे, नाहीतर ओढण्याला काय अर्थ? तिला वाटलं सांधा आखडलाय. तिनं जोर लावून पुन्हा ओढला. पोरगी किंचाळली.

दीपा आतून भिंत धरत आली. सासूला ती मामी म्हणायची. "मामी, काहून एवढी वरडून राह्यली?"

"सांधा धरला हाय. सुटून जाईन. तू आंग झाकून बस, वारं लागन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. सांधा काही सुटला नाही. दीपाच्याच मग ध्यानात आलं. अंगावर पाजताना पोरीची डावी मूठ तिच्या छातीवर दणादण आपटायची, आणि उजवा हात नुसता लोंबत राहायचा. बोटं तेवढी आवळायची, पण हात उचलला जात नव्हता. तिनं नवऱ्याला, राजदीपला, दाखवलं. राजदीपनं त्याच दिवशी तिघींना घेऊन यवतमाळचा दवाखाना गाठला.

तिथल्या व्यायामवाल्या मॅडमनं पोरीला उताणं घातलं, टिचक्या वाजवल्या, हात वर करून सोडून पाहिला. म्हणाल्या, "जन्माच्या वेळी खांदा अडकला, तेव्हा मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात. बहुतेक लेकरांचं भरून येतं. सध्या हात बाहीसकट छातीशी टाचून ठेवा, काही दिवसांनी मी हलका व्यायाम शिकवते. ओढायचा मात्र अजिबात नाही. तिसरा महिना सरायच्या आत कोपर आपलं आपण वाकायला लागलं तर चांगलं. नाही वाकलं तर नागपूरला दाखवावं लागेल, ऑपरेशनही लागू शकतं." मग सहज विचारलं, "घरी मालिश कोण करतं?"

राजदीपनं आईकडे पाहिलं. दीपानं खाली पाहिलं. तुळसाबाई भिंतीवरच्या लसीच्या चित्राकडे बघत म्हणाली, "करते कोनी तरी."

दुसऱ्या दिवसापासून पोरीची आंघोळ दीपानं स्वतः घातली, दार लोटून. तुळसाबाई ओसरीत बसून पाण्याचा आवाज ऐकायची. तेलाची वाटी घेऊन एकदा दाराशी गेली, तर आतून आवाज आला, "ठेवा तिथं, मामी." सुनेनं तोंड वर करून शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं, इतकं ते तिला लागलं.

तुळसाबाईचा नवरा उकंडा, उकिरड्यावरून नाव पडलेला, दारात बिडी ओढत बसलेला असायचा. तो म्हणाला, "माह्या आधीची जगत नोयती म्हून मायनं मले उकंड्यावर लोळोलं, अन म्या जगलो. हे तं निस्तं हाताचं काम हाय. होते."

"तुमी चूप बसा," तुळसाबाई म्हणाली.

ते साल बोंडअळीचं. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत गुलाबी अळी आणि काळं पडलेलं सरकीचं पीठ. राजदीपचं तीन एकर असंच गेलं. फवारणीची कामं तो दुसऱ्यांकडे करायचा, पण आसपासच्या गावांतून फवारताना विषबाधा झालेली माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली, तेव्हा दीपानं पंप उचलून माळ्यावर टाकला आणि शिडी काढून घेतली. मग सगळे वेचणीला पुंडलिकरावांच्या शेतात. नाल्याकाठच्या त्या तुकड्यात अजून काही कापूस शिल्लक होता.

चांगलं बोंड फुटलेलं असलं की कापूस तीन बोटांत आपणहून येतो. त्या साली अर्धी बोंडं नुसती कवडी. चिकटलेली, पिवळी, कडक. नखानं कोरून काढावी लागायची आणि वाळलेल्या बोंडाची टोकं नखाखाली घुसायची. कंबरेला बांधलेली ओटी भरता भरत नव्हती. उत्पलाची झोळी बांधावरच्या निंबाला बांधलेली. बाही टाचायचे दिवस संपून आता व्यायाम सुरू झाला होता. दीपा वाट्याची पात, म्हणजे कापसाची ओळ, अर्धी सोडून पळायची, हात धुवायची, पोरीला पाजायची, तिचा हात वर-खाली करायची आणि परत पळायची. मागं राहिलेली पात उन्हात पूर्ण करायची. तिचे ओठ फुटले होते. मेहनत दोन बायकांची आणि अंगात ताकद अर्ध्या बाईची, अशी तिची गत झाली होती.

तुळसाबाई बाजूच्याच पातीत होती. "म्या करू काय व्यायाम?" एवढं विचारायला तिची जीभ रेटत नव्हती.

जेवायच्या वेळी बायका झोळीत डोकावायच्या. पाटलांच्या आळीतली विमलताई वेचायला यायची. तिची जमीनही अळीनं खाल्ली होती, त्यामुळे यंदा तीही ओटी बांधून. तिनं पोरीचा हात दोन बोटांनी उचलला आणि सोडला.

"अशी कशी वं झाली? पोरीची जात, अन हात असा. पुढं कोन करीन लगन?"

दीपानं झोळीचा पदर ओढून घेतला. "तिनं आधी भाकर तोंडात घालाले शिकू द्या, विमलताई. लगनाचं मंग पाहू."

तुळसाबाईनं विषय बदलायला विचारलं, "तुमची वैष्णवी आली म्हने बायंतपनाले. झाली काय मोकळी?"

"झाली की. पोरगा झाला." विमलताई भाकर मोडत म्हणाली. "न्हाऊ घालाले बाजूच्या गावची बाई येते. तुमाले कायले तरास द्याचा. तुमचं आता वय झालं, हातात जोर राह्यते, नाई राह्यत."

वैष्णवीला तुळसाबाईनंच चोळून मोठं केलं होतं. जोर राहत नाही! जोर होता म्हणूनच तर हे रामायण झालं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. ती तशीच उठली आणि पातीला लागली. पहिल्याच बोंडाचं टोक तिच्या अंगठ्याच्या नखात घुसलं. तिनं ते काढलंसुद्धा नाही.

बाजाराच्या दिवशी राजदीप नवीनच बातमी घेऊन आला. नेरला मंगल कार्यालयात शिबिर लागलंय, कायरोप्रॅक्टिक का काहीतरी. नागपूरचा पोरगा आहे, मणके बसवतो. एक झटका दिला की कट्ट आवाज येतो आणि माणूस उठून चालू लागतो.

दीपा म्हणाली, "मॅडमनं वढू नोका म्हनलं हाय."

"थो वढत नाई, बसोते. आता दिवस किती उरले सांग. नागपुरात चिरफाड करण्यापरीस एक डाव दाखोलं तं काय बिघडलं?"

"जाऊनच पाहू," तुळसाबाई घाईनं म्हणाली. तिलाच सगळ्यांत जास्त हवं होतं ते. एका झटक्यात हात बरा झाला असता तर तिनं काय केलं होतं हे कोणी विचारलंच नसतं. देव, बुवा, ताईत यांच्या वाटेला जायचं नाही हे घराण्यानं दीक्षाभूमीवर ठरवलं होतं. पण कट्ट आवाज काढणाऱ्या पोराबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं घर बसनं नेरला गेलं. उकंडाही निघाला. मान दुखत नव्हती, पण "बसोतच हाय तं बसोऊन घेतो" म्हणून रांगेत लागला. मंगल कार्यालयात खच्चून गर्दी. मधोमध एक उंच बाकडं, आणि त्याच्याजवळ अक्षय नावाचा पोरगेला माणूस, बाह्या दुमडलेला. तो एकेकाला कुशीवर वळवायचा, बोलता बोलता दाब द्यायचा, कट्ट वाजायचं आणि लोक टाळ्या पिटायचे. उकंडाची पाठ तर तीनदा वाजली. तो खाली उतरून लग्नातल्या नवरदेवासारखा चारी बाजूंना बघू लागला.

मग उत्पलाची पाळी आली. अक्षयनं आधी तळहात एकमेकांवर घासून गरम केले. पोरीच्या मानेखाली दोन बोटं ठेवली, गळ्याचं हाड चाचपलं, हात अलगद खांद्यापर्यंत उचलला, खाली ठेवला. यवतमाळच्या मॅडम काय म्हणाल्या ते दीपाकडून सगळं ऐकून घेतलं. लोक टाचा उंच करून आवाजाची वाट बघत होते.

"हे माझं काम नाही," तो म्हणाला.

राजदीप पुढं आला. "म्हंजे?"

"इथं मणका-बिणका काही सरकलेला नाही. नस ताणली गेलीय. ती भरून तरी येते, नाहीतर सर्जन दुरुस्त करतात. मी झटका दिला तर जे भरून येतंय तेही बिघडेल. तान्ह्या लेकराला असं करायचंच नसतं. मॅडमचा व्यायाम सोडू नका, आणि तारीख चुकवू नका."

"बुड्याची पाठ तीनदा वाजोता, अन लेकरासाठी हात नाई तुमाले?" राजदीपचा आवाज चढला. "कायचं शिबिर हे मंग?" मागून कोणीतरी हसलं.

तुळसाबाईनं लेकाला बाजूला सारलं. तिनं बाकड्याची कड धरली होती. "बापू, एक डाव वढून पाहा ना. निस्ता एक डाव."

अक्षयनं तिच्याकडे नीट पाहिलं. "आजी, आधी कोणी ओढलाय का हा?"

आता इथं लसीचं चित्र नव्हतं. समोर नुसती कोरी भिंत होती आणि आजूबाजूला सगळं नेर. तुळसाबाईच्या कानशिलातून गरम वाफा निघाल्या.

"म्या वढला," ती म्हणाली. "आंगोयीच्या येळी. आमच्यात तसंच करतेत. नाई आला तं आनखी जोरानं वढला. माह्यानं झालं काय हे? खरं सांगजा, मले दुखन म्हून खोटं नोका सांगू."

दीपानं कितीतरी दिवसांनी सासूच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"तुम्ही पहिल्यांदा उचलला तेव्हा कसा होता हात?"

"मेल्यावानी."

"मग ते आधीच झालं होतं. जन्मताना. तुमच्यामुळे नाही झालं." तो थांबला. "ओढल्यानं नुकसान मुळीच झालं नसेल, असं मात्र मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. पण पुढं ओढू नका एवढं नक्की. डोळे मिटा बरं. अंगठा पापणीवर ठेवा. आता दाबा. दुखायच्या आधी थांबा."

तुळसाबाई सगळ्यांसमोर डोळा मिटून उभी राहिली. तिचा अंगठा पापणीला जेमतेम टेकला होता.

"एवढाच जोर लेकराला लावायचा," अक्षय म्हणाला. "याच्यापेक्षा जास्त कधीच नाही."

परतीच्या बसमध्ये राजदीप फणफणत पुढं उभा राहिला. "मानूस कायचा थो, घुम्या बेनं," असं तो कंडक्टरला सांगत होता. दीपा मात्र येऊन सासूच्या शेजारी बसली. मांडीवर पोर, पोरीचा उजवा हात दोघींच्या मधे. तुळसाबाईला इतकं हलकं वाटत होतं की तिला रडूच यायला लागलं. पदर तोंडाला लावून तिनं ते धुळीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी शेतावर जायच्या आधी दीपानं ओसरीत चटई टाकली आणि स्वतःच उताणी झाली. उजवी बाही वर सरकवली.

"मामी, माह्यानं दोन्ही होत नाई. मी पातीत असतो तेवा हिचा हात तुमी हलोत जा. पन आधी माह्यावर करून दाखवा. दुखलं तं मी सांगतो."

तुळसाबाई बसली. एक हात सुनेच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्यानं तिचं मनगट उचललं.

"दुखलं," दीपा म्हणाली.

"अवं, आत्ताशी तं धरला."

"धरलाच जोरात."

तिनं सोडलं, पुन्हा धरलं. पुन्हा दुखलं. तीस वर्षांची सवय, हात ऐकेचना. बोटं अंगाला लागली की आपोआप घट्ट व्हायची. तुळसाबाई चिडली, स्वतःवर आणि थोडी सुनेवरही. मग तिनं डोळे मिटून घेतले, आणि पापणीवर ठेवलेला आपला अंगठा आठवत सुनेचा हात नुसता तोलला. हळूच कानापर्यंत नेला, खाली आणला. कोपर दुमडलं, उलगडलं, तळवा आभाळाकडे केला. डोळे उघडून बघते तर सुनेच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललेलं.

"दुखलं काय?"

"नाई. अजून करा थोडंसं."

या बाळंतपणात दीपाचं अंग कोणी चोळलंच नव्हतं. सगळ्या घराचा जीव पोरीच्या एका हातात अडकला होता, आणि बाळंतीण पहिल्या दिवसापासून आपल्या पायांवर उभी होती. तुळसाबाईला एकदम लाज वाटली. तिनं तेलाची वाटी ओढली आणि सुनेचा दुसरा हातही मांडीवर घेतला. त्या दिवशी दोघी शेतात उशिरा पोचल्या आणि पुंडलिकरावांची बोलणी खाल्ली.

मग रोजचंच झालं. तुळसाबाई निंबाखाली बसायची, हात खसखसून धुवायची, कापसानं खरबरीत झालेल्या बोटांना तेल लावायची आणि उत्पलाचा हात हलवायची. पोर झोपली की पातीत, उठली की निंबाखाली. डावा हात अलगद झाकून ती उजव्या बाजूनं खुळखुळा वाजवायची. खांदा जरा जरा उचलायला लागला. कोपर मात्र हट्टी. दवाखान्याच्या फेरीला मॅडमनं पुन्हा विचारलं, मालिश कोण करतं, तेव्हा तुळसाबाई ताठ म्हणाली, "म्या करतो. दाखोतो, पाहा." मॅडमनं पाहिलं. "असंच करा," म्हणाल्या. पण कोपरावर बोट फिरवून त्यांनी मान हलवली. पुढच्या फेरीलाही असंच असलं तर नागपूरला जायची तयारी ठेवा.

राजदीपनं नागपूरच्या चुलतभावाला फोन करून ठेवला. दीपानं झबली धुऊन पिशवीत भरली. एवढ्याशा जिवावर सुरी चालणार, आणि आपण ओढलं नसतं तर कदाचित ती टळली असती, हा 'कदाचित' तुळसाबाईच्या डोक्यातून जात नव्हता. तिनं तो गिळला आणि व्यायाम करत राहिली.

शेवटची वेचणी चालली होती. पऱ्हाटीला पानं उरली नव्हती, थंडीतलं कोवळं ऊन खोडांतून थेट जमिनीवर पडत होतं. तुळसाबाई निंबाखाली पाय लांब करून बसली होती आणि नडग्यांवर उत्पला उताणी. व्यायाम झाला होता. पोर भुकेजली होती, तोंड इकडेतिकडे फिरवत होती. "येईन तुही माय, थांब," म्हणत तुळसाबाईनं धुतलेलं बोट तिच्या उजव्या मुठीत दिलं. मूठ आवळली गेली. ते रोजचंच होतं.

मग बोट हललं.

आपलाच हात हलला असं समजून तिनं श्वास रोखला. हात दगडासारखा ठेवला. पुन्हा हललं. पोरीच्या दंडाखाली कापसाच्या सरकीएवढं काहीतरी फुगलं, कोपर आजीच्या नडगीवरून किंचित उचललं आणि पडलं. पोर चिडली. तोंड लाल झालं. सगळं अंग एकवटून तिनं पुन्हा जोर केला, आणि या वेळी कोपर वाकलं. हळूहळू, थरथरत, आजीच्या बोटासकट मूठ हनुवटीला लागली, नाकावर आपटली, घसरली आणि तोंडात गेली. उत्पला ते बोट हिरड्यांनी चघळू लागली.

"दीपाऽऽ!"

तुळसाबाईची ती हाक नाल्यापार गेली असावी. बायका ओट्या सावरत उभ्या राहिल्या. विमलताई पात सोडून आली. सगळ्यांच्या पुढं दीपा धावत होती, भरलेली ओटी सुटून मागं कापसाची रांग पडत होती, आणि तिला वाटलं होतं की पोरीला काही चावलं. येऊन ती गुडघ्यांवर कोसळली. बघितलं, वाकलेलं कोपर बघितलं, सासूचं बोट बघितलं. तिचा चेहरा भीतीनं पांढरा पडला.

"मामी, तुमी वढलं काय?"

तुळसाबाई हलली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे मोकळा हात नव्हता.

"नाई वं माय," ती म्हणाली. "हेच वढून राह्यली मले."